पॅरिसच्या ग्रंथालयात जगातलं प्रत्येक पुस्तक असतं?

‘फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जगात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत असते,’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. खरं वाटावं असंच आहे, कारण त्यामागे एक खरा कायदा आहे.

२८ डिसेंबर १५३७ रोजी फ्रान्सच्या राजाने हुकूम काढला: छापलेल्या पुस्तकाची एक प्रत ब्लुआच्या किल्ल्यातल्या राजग्रंथालयात (आजच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं मूळ) द्यायची, मगच विकायचं. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात ही सक्ती काही वर्षं सुटली, पण नंतर ती परत आली. पुढे तिच्यात नकाशे, संगीतलिपी, भित्तिपत्रकं आली, आणि २००६पासून संकेतस्थळंही. माझ्या मते ही दीर्घ परंपराच थक्क करणारी आहे. पण कायद्याची हद्द फ्रान्सपुरतीच: तिथे तयार झालेली किंवा तिथे वितरित होणारी प्रकाशनं. पुणे-कोल्हापूरचा प्रकाशक त्याला बांधील नाही. बाकी परदेशी पुस्तकं खरेदी, देणगी किंवा देवाणघेवाणीतून येतात, म्हणजे कुणीतरी निवडलेली असतात. या ग्रंथालयाचं प्रमुखपद इतिहासकारांनी आणि मुत्सद्द्यांनीही सांभाळलंय, ते मला म्हणूनच योग्य वाटतं.

पडताळणी सोपी आहे. फ्रान्समध्ये छापलेलं पुस्तक हाती आलं तर शेवटचं पान पाहा. बहुधा ‘देपो लेगाल’ (कायद्याने प्रत जमा करणं) या शब्दांपुढे महिना-वर्ष दिसेल. मग ग्रंथालयाची सूची इंटरनेटवर उघडा, ती सर्वांना खुली आहे. घरातल्या चार-पाच मराठी पुस्तकांचे लेखक रोमन लिपीत टाकून शोधा आणि सगळी पुस्तकं सापडतात का ते पाहा.

मराठी पुस्तकांसाठी आपला १९५४चा कायदा आहे. त्यानुसार प्रती कोलकात्याच्या आणि आणखी तीन शहरांतल्या (त्यांत मुंबईही आली) ग्रंथालयांना जातात.