डिलिव्हरीच्या क्लासमधला तो श्वास आला कुठून

सातव्या महिन्यात मी क्लासला जायला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी ताईंनी सगळ्यांना डाव्या कुशीवर झोपवलं, गुडघ्यांमधे उशी द्यायला लावली आणि म्हणाल्या जबडा सैल सोडा, कपाळ सैल सोडा, मुठी उघडा. मग कळ आलीय असं धरून श्वास, आधी संथ, कळ चढली की हलका आणि भराभर, उतरली की परत संथ. मला वाटलं हे आपलं प्राणायामच की! थोडं आहेही. पण बाकीचं लंडन, लेनिनग्राड, पॅरिस, न्यूयॉर्क असं फिरून आपल्याकडे आलंय, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढावं.

आधी गुंगीची औषधं आली. एडिंबराच्या डॉक्टर जेम्स यंग सिम्पसननी १८४७ मधे बाळंतपणात ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरला, १८५३ ला राणी व्हिक्टोरियानेच क्लोरोफॉर्म घेतल्यावर विरोध बराचसा मावळला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या फ्रायबुर्गला मॉर्फिन आणि स्कोपोलामिन एकत्र द्यायला लागले, त्याला ट्वायलाइट स्लीप म्हणायचे. त्यात दुखणं पूर्ण जायचं नाही, दुखल्याची आठवण जायची. बाई ओरडायची, धडपडायची, हातपाय आपटायची आणि सकाळी तिला काहीच आठवायचं नाही. १९१४ मधे अमेरिकेत बायकांनीच हे आम्हाला मिळालं पाहिजे म्हणून चळवळ केली, आणि त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही, कारण तेव्हा कळा सहन करायला दुसरं होतं काय त्यांच्याकडे. पुढे कित्येक वर्षं तिथे हॉस्पिटलात बाईला गुंगीत ठेवून, वेळ पडली तर हात बांधून बाळंतपणं झाली. १९५८ मधे लेडीज होम जर्नल या मासिकात बायकांची याबद्दलची पत्रं छापून आली, ती वाचवत नाहीत.

या सगळ्याला वेगळं वळण दिलं ते ग्रँटली डिक-रीड या इंग्लिश डॉक्टरने. शिकाऊ असताना तो लंडनच्या व्हाइटचॅपल भागात एका गरीब बाईच्या बाळंतपणाला गेला होता. रेल्वेच्या कमानींजवळची खोपटी, बाहेर पाऊस, बिअरच्या बाटलीत खोचलेली एकच मेणबत्ती, अंगावर पोती आणि एक जुना काळा स्कर्ट. त्याने क्लोरोफॉर्मचा मास्क पुढे केला, तिने नको म्हटलं. बाळ शांतपणे झालं. नंतर त्याने विचारलं का नको म्हणालीस, तर ती म्हणाली, दुखलं नाही, दुखायचं नव्हतंच ना डॉक्टर? हे वाक्य त्याच्या डोक्यातून गेलंच नाही आणि १९३३ मधे त्याने पुस्तक लिहिलं. म्हणणं असं की भीतीने अंग आखडतं, आखडलेल्या अंगाला कळ जास्त लागते, जास्त लागली की भीती अजून वाढते. मग हे चक्र तोडायचं कसं, तर बाईला आधीच सगळं समजावून सांगायचं आणि अंग सैल सोडायला शिकवायचं. ते सैल सोडणं शिकागोच्या एडमंड जेकबसनकडून आलं, त्याचं पुस्तक १९२९ चं, एकेक स्नायू आधी आवळायचा मग सोडायचा म्हणजे सैल म्हणजे काय ते शरीराला कळतं. क्लासमधलं ते मुठी आवळा, आता उघडा, ते हेच.

पण डिक-रीडची एक गोष्ट मला खटकते. रानात, शेतात राहणाऱ्या 'अडाणी' बायकांना बाळंतपण दुखतच नाही असं त्याला वाटायचं. आपल्याकडेही सांगतात ना, आमची आजी बांधावर बाळंत झाली आणि संध्याकाळी भाकऱ्या थापत होती. अहो तिला दुखलं नाही असं कोण म्हणतं, तिला विचारलं नाही कुणी इतकंच.

दुसरा धागा सोव्हिएत संघातला. तिथे आधी संमोहनाचे प्रयोग झाले, पण एकेका बाईमागे एकेक डॉक्टर बसवणं परवडणारं नव्हतं, गुंगीच्या औषधांचीही टंचाई. मग खारकीव्हच्या वेल्व्हॉव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ च्या सुमारास पाव्हलॉव्हच्या सिद्धांतावर पद्धत बसवली, म्हणजे घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं तसं कळ म्हणजे दुखणं हे जे डोक्यात बसलंय ते पुसायचं आणि कळ म्हणजे काम, कळ आली की श्वास, असं नवं बसवायचं. १९५१ मधे सरकारने ती देशभर लागू केली. त्याच वर्षी फर्नांड लामाझ हे फ्रेंच डॉक्टर तिथे गेले, लेनिनग्राडला एक बाळंतपण डोळ्यांनी पाहिलं आणि भारावून परतले. पॅरिसला धातू कामगारांच्या युनियनच्या ब्लुए दवाखान्यात १९५२ पासून हे सुरू झालं. भराभर श्वास, ज्याला फ्रेंच लोक कुत्र्याच्या पिल्लाची धाप म्हणायचे, तो लामाझनी त्यात वाढीव घातला. शीतयुद्धाचा काळ, त्यात कम्युनिस्टांकडून आलेली पद्धत, त्यामुळे खूप वाद झाला, शेवटी १९५६ च्या जानेवारीत पोप पायस बारावे यांनी यात धर्माविरुद्ध काही नाही असं सांगितलं.

मार्जरी कार्मेल ही अमेरिकन बाई पॅरिसला लामाझकडे बाळंत झाली, परत जाऊन तिने १९५९ मधे अनुभवावर पुस्तक लिहिलं, आणि १९६० ला न्यूयॉर्कमधे एलिझाबेथ बिंगबरोबर ही पद्धत शिकवणारी संस्था काढली. बिंग मूळच्या बर्लिनच्या, नाझींमुळे इंग्लंडला गेलेल्या फिजिओथेरपिस्ट. नवऱ्याला क्लासला घेऊन या हे अमेरिकेत यांच्यासारख्यांमुळे रुजलं, तेव्हा तिथे नवऱ्याला लेबर रूमच्या दारातही उभं करत नसत.

लामाझच्या दवाखान्यात बाई किती तळमळली, किती ओरडली यावर बाळंतपणाला श्रेणी द्यायचे, उत्कृष्टपासून थेट अपयशापर्यंत. याचं मला फार वाईट वाटतं. आजही एपिड्युरल, म्हणजे कळा जाणवू नयेत म्हणून पाठीत देतात ते औषध, घेतलं की मला जमलं नाही म्हणून रडणाऱ्या मुली मी बघते. अगं, १९८१ मधेच वेदनेचे मोठे अभ्यासक रोनाल्ड मेलझॅक यांनी मोजून दाखवलंय की क्लास केलेल्यांना थोडं कमी दुखतं पण दुखतंच, आणि त्यातल्याही बऱ्याच जणी एपिड्युरल घेतात.

आपल्या पुण्याचाही यात वाटा आहे. फ्रेडरिक लेबॉये हे फ्रेंच डॉक्टर भारतात सारखे यायचे, कोलकात्यात आई बाळाला तेल लावताना त्यांनी पाहिली आणि १९७६ च्या पुस्तकातून ती मालिश युरोपात नेली. पुण्याला बी. के. एस. अय्यंगार गुरुजींकडे ते योग शिकले आणि गुरुजींच्या गरोदर मुलीचे आसनं करतानाचे फोटो घेऊन गरोदर बायकांच्या योगावर पुस्तक केलं. म्हणजे क्लासमधलं मला प्राणायाम वाटलेलं अगदीच चूक नव्हतं.

आणि एक अभ्यास ग्वाटेमालातला, १९८० चा. एकट्या असलेल्या बायका आणि जवळ एक साधी, ओळखीचीही नसलेली बाई सतत बसलेल्या बायका, अशी तुलना. सोबत असलेल्यांचा बाळंतपणाचा वेळ निम्म्याहून कमी निघाला. अभ्यास छोटा होता, पण नंतर २०१७ पर्यंत असे २६ अभ्यास, १५ हजारांवर बायका, एकत्र करून पाहिलं तरी सोबतीचा फायदा दिसतोच.

माझ्या वेळी आईला दाराबाहेर थांबवलं. दार लागलं आणि दोन महिने घोटलेला श्वास दोन कळांत विसरले, खांदे कानापर्यंत गेले. तिथल्या आयामावशी फरशी पुसत होत्या, त्या उठल्या, ओला हात पदराला पुसला, कमरेवर ठेवला आणि म्हणाल्या, खांदे सोड बाळा, फुंकर घाल, चहावर घालतेस तशी. मग जमलं.

सरकारी हॉस्पिटलात एका बाईला सोबत आत येऊ द्यावं असं केंद्राने २०१६ मधेच कळवलंय, तिने स्वतः बाळंतपण अनुभवलेलं असावं, तिला काही संसर्ग नसावा आणि तिने शेवटपर्यंत थांबावं एवढ्याच मुख्य अटी. खाजगीत मात्र प्रत्येकाचं वेगळं, त्यामुळे नाव घालतानाच विचारून घ्या की आत कोण येऊ शकतं, आणि जी येणार तिलाही क्लासला एकदा तरी घेऊन जा.