ज्येष्ठांची घरं आणि ‘सध्या नको’चा हिशोब

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ९.९ टक्के लोक साठीपुढचे होते. पुण्यात ज्येष्ठांसाठी संकुल काढायचं म्हटलं की गणित बहुतेकदा इथूनच सुरू होतं. लाखभर वस्तीत दहाएक हजार ज्येष्ठ, त्यातले पाच टक्के आले तरी पाचशे फ्लॅट हातोहात जातील! हे पाच टक्के आणले कुठून, ते मात्र विचारायचं नाही.

ज्येष्ठ किती असतील हे काढणं त्यातल्या त्यात सोपं. आज पासष्टीत असलेल्यांपैकी किती जण आणखी दहा वर्षं जगतील याची कोष्टकं असतात. त्यात गावाकडून येणारे मिळवायचे, मुलांकडे परदेशी गेलेले वजा करायचे. पुढचा टप्पा अवघड. इंग्लंडमध्ये पंचाहत्तरीपुढच्या दर हजार लोकांमागे अमुक घरं, असे दर वापरतात. पण आज किती घरं उपलब्ध आहेत त्यावरूनच दर काढला, तर मोजला जातो तो पुरवठा. जिथे एकही संकुल नाही, तिथे मागणी शून्य ठरायची.

मग एकटे राहणारे मोजावेत? २०१७-१८च्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत साठीपुढचे जेमतेम सहा टक्के लोक एकटे राहत होते. पण एकटं असणं वेगळं आणि घर सोडायची तयारी वेगळी. जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुडघे दुखतात, अशा काकूंना विचारा. ‘कल्पना छान आहे हो, पण सध्या नको.’ त्याच सोसायटीचं रीडेव्हलपमेंट होऊन लिफ्ट आली की हे गिऱ्हाईक यादीतून गळालंच. उलट जोडीदार गेला किंवा खुब्याचं हाड मोडलं की हेच ‘सध्या नको’ महिन्याभरात ‘कधी मिळेल?’ होतं. त्यामुळे पसंती विचारण्यापेक्षा असे प्रसंग दरवर्षी किती घरांत घडतात, आणि त्यातल्या किती जणांना दरमहाचा मेंटेनन्स झेपेल, हे मोजलेलं बरं. प्रतीक्षायादीवर तर माझा अजिबात भरवसा नाही. एकच नाव तीन ठिकाणी ‘असू दे’ म्हणून नोंदवलेलं असतं.

आणखी एक गोष्ट हमखास निसटते. शंभर घरांत माणसं सरासरी दहा वर्षं राहिली, तर वर्षाला दहाएक घरं रिकामी होतात. वीस वर्षं राहिली तर पाचच. बासष्टीची, ठणठणीत जोडपी आधी आली तर संकुल भरलेलं दिसतं, पण ज्यांना खरी निकड आहे त्या ऐंशीच्या आजोबांना जागा मिळत नाही. म्हणून वस्तीला किती घरं लागतील याचं उत्तर पहिल्या खेपेला कोणत्या वयाची माणसं राहायला येतात यावरही ठरतं, आणि जनगणनेच्या तक्त्यात ते सापडत नाही.