पॅच लावताय? मग हे पाच मिनिटं वाचा

पॅच नेताना बहुतेक लोक एकच विचारतात, आंघोळ करताना चालतो का? चालतो. पण खरं विचारायला पाहिजे ते कोणी विचारत नाही, म्हणून हा कागद.

फेंटानिल किंवा ब्युप्रेनॉर्फिन (अफूच्या जातीची जोरदार वेदनाशामकं) यांचा पॅच म्हणजे कंबर दुखली की चिकटवायचं प्लास्टर नाही. यातलं औषध कातडीतून रक्तात जातं, त्यामुळे दुखतंय तिथेच लावायची गरज नसते, छाती, पाठ, दंडाचा वरचा भाग असं कुठेही सपाट, कोरड्या जागी लावा, जागा नुसत्या पाण्याने पुसायची, साबण तेल नको, केस असतील तर कात्रीने कापा, वस्तरा फिरवू नका आणि तळहाताने 30 सेकंद दाबून धरा. पॅच अर्धा कापून लावायचा नाही.

आता मुख्य गोष्ट. हे औषध चढतं हळू आणि उतरतंही हळू. फेंटानिलचा पहिला पॅच लावल्यावर नीट आराम पडायला 12 ते 24 तास जातात, आणि तेवढ्यात कोणीतरी घाबरून दुसरा चिकटवतं, तिथेच गडबड होते. काढून टाकला तरी रक्तातलं औषध निम्म्यावर यायला साधारण 20 ते 27 तास लागतात. फेंटानिल 72 तासांनी बदलायचा, ब्युप्रेनॉर्फिनचे बरेचसे 7 दिवसांचे असतात, तुमचा कोणता ते पाकिटावर बघा. नवीन लावायच्या आधी जुना काढलाय ना हे बघा (विसरतात हो लोक!) आणि जागा बदला.

शेकायची पिशवी, इलेक्ट्रिक ब्लँकेट, कढत पाण्यात बसणं, हे सगळं बंद. उष्णतेने औषध भराभर आत शिरतं. जास्त ताप आला तरी तेच, डॉक्टरांना लगेच फोन करा.

दारू अजिबात नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोपेच्या गोळ्या, प्रेगाबालिन, गॅबापेंटिन या सगळ्यांनी गुंगी वाढते आणि श्वास मंदावतो, डॉक्टरांनी माहीत असून दिलं असेल तर ठीक, पण घरात पडलेली गोळी स्वतःहून घेऊ नका. आणि साध्या वाटणाऱ्या गोळ्याही बघा: क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल, डिल्टियाझेम यांनी फेंटानिल शरीरात साचत जातं. रिफाम्पिसिन, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन यांचं उलटं, पॅचचा असर कमी होतो, आणि ती गोळी थांबवली की तोच पॅच अचानक जड पडतो, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. लिनेझोलिड किंवा डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. थोडक्यात, दाताच्या डॉक्टरकडे गेलात तरी आधी पॅच दाखवा.

बद्धकोष्ठता जवळजवळ ठरलेलीच, लाजू नका, त्यासाठी औषध मागा.

माणूस हलवून उठत नाही, श्वास अगदी सावकाश, घोरल्यासारखा आवाज, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळसर: पॅच लगेच काढा, अॅम्ब्युलन्स बोलवा, नॅलोक्सोन (या औषधाचा असर उतरवणारं औषध) असेल तर द्या. शुद्धीवर आला तरी एकट्याला सोडू नका, नॅलोक्सोनचा असर लवकर उतरतो आणि पॅचचं औषध आत असतंच.

वापरलेल्या पॅचमध्येही बरंच औषध उरतं. लहान मूल स्टिकर समजून अंगाला लावतं किंवा तोंडात घालतं आणि त्यात जीव गेलेत. म्हणून काढल्या काढल्या चिकट बाजू आत घेऊन घडी घाला, उघड्या डब्यात टाकू नका, डबीत बंद करून, पॅच जिथून नेलात तिथे, आमच्याकडे आणून द्या.