लसूण व लीकवरील तांबेरा

तांबेरा हा लसूण, लीक (जाड पांढऱ्या दांड्याची, कांद्याच्या जातीची भाजी), चाइव्ह्ज (बारीक पातीसाठी लावतात ती कांद्याची बहीण), कांदा अशा कांदावर्गीय पिकांच्या पातीवर येणारा बुरशीजन्य रोग आहे. थंड, दमट हवामानाच्या प्रदेशांत, विशेषतः ब्रिटनमधील परसबागांत, तो जवळजवळ दरवर्षी दिसतो. पक्सिनिया अ‍ॅली ही बुरशी त्याला कारणीभूत असते. लीकवरील बुरशीला काही तज्ज्ञ पक्सिनिया पोरी असे वेगळे नाव देतात. एकाच नावाखाली या बुरशीचे अनेक प्रकार नांदतात आणि प्रत्येक प्रकार सगळ्याच पिकांवर सारखा चालून जात नाही.

मराठी शेतकऱ्याला तांबेरा गव्हावरून आणि सोयाबीनवरून ओळखीचा आहे. गव्हाच्या तांबेऱ्याला गेरवा असेही म्हणतात आणि त्यावर महाबळेश्वरला संशोधन केंद्र आहे. सांगली-कोल्हापूरकडे सोयाबीनचे वाण निवडताना ‘तांबेऱ्याला कसा आहे?’ हा प्रश्न आधी येतो. लसणावरचा तांबेरा याच घराण्यातला. तांबे आणि गेरू, दोन्ही नावे रंगावरून पडली आहेत आणि पान हातात घेतले की ती किती नेमकी आहेत ते कळते.

सुरुवातीला पातीवर टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके येतात. ते लांबट होतात, फुगतात, मग पातीची साल मधोमध उभी चिरते आणि आतून नारिंगी पूड बाहेर पडते. पातीवरून अंगठा फिरवला तर हळद लागावी तसा तो रंगतो. ही पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू. हंगामाच्या अखेरीस त्याच फोडांच्या जागी काळपट फोड दिसू लागतात. अंगठ्याची ही परीक्षा फार उपयोगाची आहे, कारण महाराष्ट्रात लसणाच्या पातीवर दिसणारे डाग बहुतेक वेळा करपा या दुसऱ्या रोगाचे असतात. जांभळ्या करप्याचे चट्टे खोलगट, मध्ये जांभळट असतात आणि त्यांतून नारिंगी पूड बोटाला लागत नाही.

तांबेऱ्याला साधारण १० ते २४ अंश सेल्सिअस तापमान मानवते. बीजाणू रुजायला पातीभोवती काही तास पूर्ण दमट हवा लागते, पण धो धो पाऊस त्याला सोसत नाही. पाण्यात बुडालेले बीजाणू लवकर निकामी होतात. रात्री दव, सकाळी धुके, दिवसा कोरडे आणि वाऱ्याचे, अशा आठवड्यांत तो झपाट्याने पसरतो. महाराष्ट्रात रब्बीच्या लसणावर दुपारचा पारा पंचविशीच्या वर जातो, त्यामुळे इथे त्याचा जम सहसा बसत नाही.

या बुरशीचे मर्म असे की तिला वाढायला जिवंत हिरवे पान लागते. ब्रिटनमध्ये लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावतात आणि जून-जुलैमध्ये काढतात. तो निघेपर्यंत लीकची रोपे मोठी होतात आणि लीक हिवाळाभर जमिनीत उभा राहतो. तोवर शेजारच्या वाफ्यात नवा लसूण उगवून आलेला असतो. बांधाला चाइव्ह्जचे झुबके असतात, काढणीत चुकून राहिलेल्या लसणाच्या पाकळ्याही आपोआप फुटतात. म्हणजे बारा महिने बुरशीच्या पुढ्यात ताट वाढलेलेच. परसबागेत कोणती फवारणी करायची यापेक्षा ही साखळी कुठे तोडता येईल ते बघणे जास्त मोलाचे आहे. ब्रिटनमध्ये घरगुती बागेसाठी या रोगावर मान्यता असलेले बुरशीनाशक मिळत नाही, तेव्हा हाच मार्ग उरतो.

आपोआप उगवलेली रोपे उपटावीत. लसणाच्या जागी लीक किंवा लीकच्या जागी लसूण लावू नये, दोन-तीन वर्षे तिथे दुसरे पीक घ्यावे आणि नवा लसूण जुन्या लीकपासून शक्य तितका लांब ठेवावा. बीजाणू वाऱ्यावर येतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या वाफ्यातून लागण होणारच; पण ती उशिरा आली तरी बरेच साधते. लसणाच्या दोन रोपांत १५ सेंटिमीटर आणि दोन ओळींत ३० सेंटिमीटर अंतर ठेवले की वारा खेळतो. पाणी सकाळी, बुंध्याशी द्यावे. नत्र जास्त झाले की पात लुसलुशीत होते आणि तांबेऱ्याला फावते, म्हणून कोंबडीखत हात राखून घालावे; पालाश कमी पडू देऊ नये. रोगट पाला वाफ्यात पडू न देता बागेबाहेर टाकावा.

मात्र डाग दिसला की पात कापत सुटणे चुकीचे आहे. लसणाची प्रत्येक पात खाली गड्ड्याभोवतीच्या कागदी सालीचा एक पदर बनवते. पात अकाली गेली की गड्डा लहान राहतो आणि पदर कमी पडल्याने पाकळ्या सुट्या होतात. फार माखलेली एखाद-दुसरी खालची पात काढावी, बाकीची राहू द्यावी. काढणीला दोन-तीन आठवडे उरले असताना तांबेरा आला तर गड्डा बहुधा चांगला निघतो. पात झपाट्याने वाळत असेल तर वाट न पाहता काढून घ्यावा. एप्रिलमध्येच आला तर मात्र नुकसान ठरलेले. कॅलिफोर्नियात, गिलरॉयच्या प्रसिद्ध लसूण पट्ट्यासह, १९९८ साली त्याची मोठी साथ आली आणि शेतकऱ्यांना जबर फटका बसला.

गड्ड्याच्या आतल्या पाकळ्यांत हा रोग शिरत नाही, त्यामुळे असा लसूण बिनधास्त खावा. लीकची बाहेरची दोन-तीन पाने सोलली की आतला पांढरा दांडा स्वच्छ असतो आणि पातीच्या कांद्यासारखी त्याची पीठ पेरून भाजी उत्तम होते. थंडी कडक पडली की लीकवरचा तांबेरा मंदावतो आणि मधून येणारी नवी पाने बऱ्याचदा निरोगी निघतात, म्हणून सप्टेंबरमध्ये नारिंगी झालेला लीक घाईने उपटून टाकू नये.