गिली सूटची कुळकथा

जमिनीवर बसून धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणारा माणूस गिली सूट, म्हणजे झुडपासारखे दिसून लपण्याचा पोशाख, विकत घ्यायला निघतो, तेव्हा त्याच्यापुढे तीन-चार प्रकार येतात. कुठे पाठीवर टाकायचा लांब झगा, कुठे डगला आणि पॅन्टची जोडी, कुठे जाळीवर कापडी पाने शिवलेला हलका सदरा. काहींना तागाच्या सुतळ्या लोंबत असतात, काहींना कृत्रिम धागे. सगळ्यांना एकच नाव असले तरी ते एकाच कामासाठी घडलेले नाहीत. गिली सूट हा मुळात शंभर-दोनशे पावलांवरून किंवा त्याहून लांबून बंदूक रोखून पालथ्या पडलेल्या माणसाचा पोशाख. धनुर्धारी मात्र वीस पावलांवर असतो, बसलेला किंवा गुडघ्यावर टेकलेला असतो, आणि ऐन मोक्याच्या क्षणी त्याला हात हलवावाच लागतो. या पोशाखाचा कोणता भाग आपल्या उपयोगाचा आणि कोणता दुसऱ्याच कोणाची गरज म्हणून त्याला चिकटलेला, हे त्याच्या इतिहासातूनच नीट कळते.

स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत ‘गिले’ म्हणजे पोरगा, आणि त्यावरून हाताखालचा नोकर. आपला ‘गडी’ हा शब्द त्याला अगदी जवळचा: अंगाने धट्टाकट्टा, रानाची माहिती असलेला आणि मालकाच्या कामाला जुंपलेला. हायलँड्समधल्या जमीनदाऱ्यांवर हे गिली शिकारीला आलेल्या पाहुण्याबरोबर डोंगर चढत, हरीण पडले की ते ओढून खाली आणत, तट्टावर लादत. कळप हेरून पाहुण्याला त्याच्यापर्यंत नेणारा जाणता माणूस म्हणजे स्टॉकर. व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी १८५२ मध्ये बाल्मोरलची जमीन विकत घेतली आणि तांबड्या हरणाची शिकार हा ब्रिटिश उमरावांचा मानाचा छंद झाला. त्या डोंगरांवर झाडी फार थोडी. गुडघाभर हेदरचे झुडूप, दलदल, उघडे खडक. हरणाच्या जवळ जायचे तर ओढ्याच्या पात्रातून, पोटावर सरपटत, वारा तोंडावर घेत जायचे. दबा धरणे ही तिथे रोजच्या पोटापाण्याची विद्या होती.

या लोकांच्या अंगावर रोज काय असे? लोंबत्या चिंध्या नव्हे, ट्वीड. एकोणिसाव्या शतकात एकेका जमीनदारीने आपापल्या डोंगराच्या रंगाचे लोकरी कापड विणून घ्यायला सुरुवात केली. बाल्मोरलचे ट्वीड करडे, तिथल्या ग्रॅनाइटशी मिळतेजुळते. हे कापड ओले झाले तरी ऊब देते आणि सरपटताना आवाज करत नाही. ते कातळावर किंवा हेदरवर टेकले की माणसाची कड पुसट होते. गिली सूटबद्दलच्या लिखाणात ट्वीडचा उल्लेख क्वचितच येतो याचे मला वाईट वाटते, कारण आसपासच्या जमिनीचा रंग अंगावर घ्यायचा ही कल्पना तिथेच पक्की झाली.

पाना-शेवाळाच्या वेषाची कल्पनाही त्याच मुलखातली, पण ती लोककथेतून आलेली. गेअरलॉकच्या बाजूला बर्च झाडांच्या रानात ‘गिले दुव’, म्हणजे काळा पोऱ्या, राहतो असे लोक सांगत. अंगावर पाने आणि हिरवे शेवाळ, स्वभावाने लाजाळू, मुलांवर माया करणारा. रात्री रानात चुकलेल्या एका मुलीला त्याने सांभाळून घरी पोचवले, अशी त्याची गोष्ट आहे. पुढे मॅकेन्झी घराण्यातले काही जमीनदार त्यालाच मारायला बंदुका घेऊन निघाले, आणि तो त्यांना सापडला नाही. गिली सूटचे नाव काहीजण या वनचराशी जोडतात. मला गड्याचे नाते जास्त खरे वाटते. शेवाळ पांघरलेली ही आकृती मात्र त्या लोकांच्या डोळ्यांपुढे आधीपासून होती.

या विद्येला लष्कराचा रस्ता दिसला तो दक्षिण आफ्रिकेतल्या दुसऱ्या बोअर युद्धात. बोअर शेतकरी लपून, लांबून, अचूक गोळी घालत होते आणि ब्रिटिश पलटणींचे नुकसान होत होते. जानेवारी १९०० मध्ये लॉर्ड लोव्हॅट यांनी हायलँड्समधले स्टॉकर आणि गिली गोळा करून ‘लोव्हॅट स्काउट्स’ हे पथक उभारले. लांब दुर्बीण, संयम आणि जमीन वाचण्याची नजर हे त्यांचे भांडवल. ब्रिटिश सैन्यात टेहळणीचे काम करणारे अमेरिकन मेजर फ्रेडरिक रसेल बर्नहॅम यांनी त्यांचे वर्णन अर्धे लांडगे, अर्धे ससे असे केले. लांडगा माग काढतो आणि ससा दडतो. दोन्ही गुण एका माणसात एकत्र आले की काय होते हे बर्नहॅम यांनी प्रत्यक्ष पाहिले होते. खाकीचा धडा तर त्याआधीच आपल्या उपखंडात गिरवला गेला होता. १८४६ मध्ये पेशावरला उभारलेल्या गाइड्स पथकाने धुळीच्या रंगाचे कपडे घातले, आणि ‘खाक’ म्हणजे धूळ या फारसी शब्दावरून ‘खाकी’ जगभर गेले.

पहिल्या महायुद्धात खंदकांच्या रांगा समोरासमोर आल्या आणि दडून गोळी घालणे हे स्वतंत्र शास्त्र झाले. मोठ्या जनावरांचे शिकारी आणि हॅम्पशायरकडून क्रिकेट खेळलेले हेस्केथ-प्रिचर्ड यांनी १९१६ मध्ये फ्रान्समध्ये निशाणबाजी, टेहळणी आणि माग काढणे शिकवणारी शाळा सुरू केली. कागदाच्या लगद्याची खोटी डोकी खंदकाबाहेर काढून शत्रूचा नेमबाज कुठे आहे हे ते शोधून काढत. लोव्हॅट स्काउट्समधले स्टॉकरही आघाडीवर आले. रंगवलेल्या जाड कापडाचे टोपीसह झगे, त्यावर गवताच्या आणि कापडाच्या पट्ट्या, असा वेष तिथे रुळला.

गिली सूटच्या गोणपाटाची कहाणी बंगालपर्यंत जाते. १८३० च्या दशकात स्कॉटलंडच्या डंडी शहरातल्या गिरण्यांनी देवमाशाच्या तेलात भिजवून ताग मऊ करायची आणि यंत्रावर कातायची युक्ती साधली. कच्चा ताग बंगालमधून जहाजांनी येई. १८५५ मध्ये हुगळीकाठी रिश्रा इथे ताग कातायची गिरणी निघाली आणि पुढे कलकत्त्याच्या गिरण्यांनी डंडीला मागे टाकले. महायुद्धांत वाळूच्या पोत्यांसाठी गोणपाटाचे डोंगर लागले. जे कापड सैन्यात ढिगाने पडलेले असते त्याच्याच चिंध्या करून माणूस अंगाला बांधतो. दुसऱ्या महायुद्धात गोणपाटाच्या पट्ट्या जाळ्यांना आणि शिरस्त्राणांना बांधणे सर्रास झाले. आजही गिली सूटच्या सुतळ्या तागाच्या असतात त्याचे मूळ हे. ताग मऊ करायला पुढे खनिज तेल वापरले जाऊ लागले. त्याचा वास नव्या गोणपाटाला येतो, आणि हरणाच्या नाकाला तो माणसाच्या कितीतरी आधी कळतो. तागाचा सूट आणला की तो अनेक दिवस उघड्यावर, पाऊस-उन्हात टांगून ठेवायचा तो यासाठी.

लष्करी नेमबाजांच्या शाळांमध्ये हा सूट प्रत्येकाने स्वतः शिवायचा असतो. त्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. जुन्या गणवेशाच्या छातीला, कोपरांना, गुडघ्यांना जाड कॅनव्हास शिवतात, कारण नेमबाज पोटावर सरपटतो. पाठीवर, खांद्यांवर आणि टोपीवर जाळी लावून तिला सुतळ्यांचे झुबके बांधतात. म्हणजे पाठ झुडपाची आणि पोट बोडके. पालथ्या पडलेल्या माणसाची पाठच दिसते, तेव्हा त्याच्यासाठी हे बरोबर आहे. धनुर्धारी मात्र झाडाच्या बुंध्याला पाठ लावून हरणाकडे तोंड करून बसतो. त्याची पाठ बुंध्याने झाकलेली असते आणि उघडी पडते ती छाती, चेहरा, हात. शिवाय छातीवर आणि धनुष्य धरलेल्या हातावर झुबके असले तर सुटलेली दोरी त्यांत अडकते, बाण भरकटतो आणि हरीण जखमी होऊन पळते. नवख्या माणसाने लष्करी थाटाचा दाट सूट घेऊ नये असे मला वाटते ते यामुळे.

धनुर्धाऱ्यांची स्वतःची लपण्याची परंपरा गिलीपेक्षा खूप जुनी आहे. चौदाव्या शतकात, १३८७ पासून फ्वा प्रांताच्या गास्तों फेबुस यांनी जो शिकारग्रंथ लिहिला, त्याच्या चित्रांत पाना-फांद्यांनी झाकलेल्या गाडीच्या आडून जनावरावर बाण सोडणारे शिकारी दिसतात. १५९१ मध्ये थिओडोर द ब्री यांनी छापलेल्या एका चित्रात फ्लोरिडाचे तिमुकुआ लोक अख्खे हरणाचे कातडे, डोक्यासकट, अंगावर घेऊन ओढ्याकाठी पाणी पिणाऱ्या हरणांवर धनुष्य रोखतात. महाराष्ट्रातल्या फासेपारध्यांची रीत याच जातीची. शिकवलेल्या गाईच्या आडून, तिच्या चरण्याच्या चालीने, ते काळविटाजवळ जात आणि फासे लावत. गाय काळविटाच्या रोजच्या पाहण्यातली, म्हणून ते बिचकत नसे. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडे शिकारीचा हा विषय संपला आहे. पण जनावराच्या ओळखीच्या आकाराआड दडायचे ही फासेपारध्यांची समज कुठल्याही झुबकेदार सुटापेक्षा खोल आहे.

आधुनिक धनुर्विद्येची शिकार एका माणसाच्या सोबतीतून उभी राहिली. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ ‘याही’ नावाच्या मूळ अमेरिकन जमातीतला इशी हा शेवटचा माणूस समोर आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहत असताना त्याची सॅक्स्टन पोप या शल्यचिकित्सकाशी मैत्री झाली आणि त्याने पोप यांना धनुष्य करायला, रान वाचायला शिकवले. शिकारीच्या आदल्या दिवशी इशी तंबाखू ओढत नसे, मासे खात नसे. सकाळी ओढ्यात अंघोळ करून सुवासिक पाने अंगाला चोळी. हरणाचे भरलेले मुंडके डोक्यावर घेऊन झुडपाआडून ते हलके वर करी, आणि कुतूहलाने हरीण जवळ येई. १९१६ मध्ये क्षयाने तो गेला. त्याच्या तयारीत आधी वास आणि मग रूप, हा क्रम आजच्या दुकानांत उलटा झाला आहे.

पुढचा टप्पा कायद्याचा. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने धनुष्याच्या शिकारीसाठी वेगळा हंगाम दिला, आणि बंदुकांच्या गर्दीपासून धनुर्धारी मोकळा झाला. गिली सूटच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट. बंदुकीच्या हंगामात झुडूप होऊन बसणे जिवावर बेतू शकते, म्हणून अनेक राज्यांत त्या काळात झगझगीत नारिंगी कापड सगळ्यांत वर घालावे लागते. राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत, आणि ते सूट घेण्याआधी वाचायचे असतात. मग होलेस विल्बर अॅलन यांचे चाकांचे कंपाउंड धनुष्य आले. त्यांना १९६९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. साठ पौंडांच्या ओढीचे असे धनुष्य पूर्ण ओढल्यावर, ऐंशी टक्के ताण उतरत असेल, तर बोटांना बारा पौंडच पेलावे लागतात. हरणाने मान झाडाआड नेली त्या क्षणी ओढायचे आणि ते पुन्हा दिसेपर्यंत थांबायचे, हे जमिनीवरच्या शिकाऱ्याला त्यामुळे शक्य झाले.

त्याच सुमारास अमेरिकेतले धनुर्धारी मोठ्या संख्येने झाडावर चढू लागले होते. आपल्या मचाणाचीच ती आवृत्ती: हरीण वर फारसे पाहत नाही आणि माणसाचा वासही त्याच्या डोक्यावरून जातो. पण झाडावरून पडून लोक जायबंदी होतात, मैदानी मुलखात चढण्याजोगे झाडच नसते, आणि काहींना बसल्या जागेवरून उठून जनावरामागे जायचे असते. हे लोक जमिनीवर उतरले आणि त्यांना आडोसा लागला. घडीच्या तंबूसारखी लपणे निघाली, आणि जे फिरते राहिले त्यांनी नेमबाजांचा गिली सूट उचलला. दरम्यान १९८० मध्ये व्हर्जिनियाच्या जिम क्रमली यांनी झाडाच्या सालीचा छाप असलेले ‘ट्रेबार्क’ कापड काढले आणि शिकारी छद्मकापडाचा धंदा सुरू झाला. जाळीवर कापडी पाने शिवलेला सदरा हा या दोन घराण्यांचा संकर. कड मोडण्याचे काम गिलीचे, सुटसुटीतपणा छापील कापडाचा. जमिनीवरून धनुष्य चालवणाऱ्या बहुतेकांना माझ्या मते हाच घ्यावा.

१९९० च्या दशकात हरणाच्या डोळ्यांवर संशोधन झाले आणि खरेदीचा आणखी एक प्रश्न सुटला. हरणाला दोनच प्रकारच्या रंगपेशी असतात. तांबडे आणि नारिंगी त्याला आपल्यासारखे दिसत नाहीत, पण निळा रंग त्याला चांगला कळतो. कपडे उजळ करणाऱ्या साबणातली निळसर चकाकी त्याच्या डोळ्यांत भरते. हिरवा की तपकिरी यावर लोक घालतात तेवढा वाद त्यामुळे हरणासाठी गरजेचा नाही. फिकट-गडद ठिपक्यांची सरमिसळ, मोडलेली कड आणि साध्या पाण्यात धुणे, एवढे पुरते.

तरी ज्याला सुतळ्यांचाच सूट हवा, त्याने तो घरी घालून, धनुष्य हातात घेऊन, बसून, गुडघ्यावर आणि कुशीला वळून दोरी पूर्ण ओढून पाहावी. छाती, धनुष्याचा हात आणि गाल जिथे दोरीला शिवतात तिथले झुबके कात्रीने बोटभर ठेवावेत. खांदे, टोपी आणि मांड्यांवरचे लांब राहू द्यावेत. ताग पावसात जड होतो, कृत्रिम धागा होत नाही पण उन्हात चमकू शकतो. दोन्ही आगीला लवकर धरतात; शेगडी आणि सिगारेट दूर ठेवावी. जाळीला थोडे रिकामे फास ठेवावेत. बसण्याच्या जागेवरचे गवत त्यांत खोचायचे, आणि ते खुडलेल्या पानांपेक्षा वाळलेले बरे, कारण हिरवे पान दोन तासांत मान टाकते आणि त्याची फिकट पाठ वर येते.