भूप चार आवाजांत

मुंबईत एखाद्या संगीतकाराच्या कॉयरसाठीच्या किंवा चेंबर (मोजक्या वादकांसाठीच्या) रचनांचा कार्यक्रम झाला, की मराठी बातमीत त्याचं हमखास 'समूहगान' होतं. मी बरीच वर्षं कॉयरमध्ये आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, गाते. आपण नक्की काय गातो हे घरच्या पाहुण्यांना सांगताना मीही हाच शब्द वापरत आले, कारण दुसरा हाताशी नव्हता. पण या शब्दाने समजुतीचा बराच घोटाळा केला आहे, आणि 'हे पाश्चात्त्य आहे, यात राग मरतो' असे या संगीतावर होणारे निम्मे आक्षेप त्या घोटाळ्यातूनच निघतात.

समूहगान म्हटलं की मराठी कानाला शाळेचं पटांगण आठवतं. एक पेटी, एक ढोलकी, बाई हात वर करतात आणि पन्नास मुलं एकाच चालीत सुरू होतात. याहून जुनी रीत शाहिराच्या मागे उभ्या झीलकऱ्यांची. शाहीर कडवं म्हणतो आणि झीलकरी 'जी जी रं जी' करत शेवटचा सूर उचलून धरतात. कीर्तनात मागचे टाळकरी धृपद धरतात, भजनात सगळे पालुपद घोळवतात. सिनेमाने 'कोरस' हा शब्द आणला. तो मुख्य गायकाच्या पाठीमागच्या आवाजांना चिकटला. या सगळ्या प्रकारांत गाणारे अनेक असतात, चाल एक असते.

कॉयरमध्ये चाली चार असतात. सोप्रानो, बायकांचा उंच आवाज, वरून जाते, तिच्याखाली आल्टो दुसरीच ओळ गाते, पुरुषांतले टेनर आणि त्याखालचा बास आपापल्या वाटेने चालतात. यातली प्रत्येक ओळ एकटी गायली तरी तिला गाणेपण हवं, आणि चारही एकत्र आल्या की कुणा एकीत नसलेलं काहीतरी उभं राहायला हवं. 'वृंदगान' हा रेडिओच्या वापरातला शब्द त्यातल्या त्यात जवळचा होता. पण 'वाद्यवृंद' शब्द गणेशोत्सवातल्या सिनेगीतांच्या कार्यक्रमांनी उचलला आणि 'वृंद'ही त्याच दिशेने ओढला गेला. चेंबर म्युझिकचं भाषांतर 'कक्षसंगीत' असं करून पाहिलं गेलं, ते रुजलं नाही. मला विचाराल तर 'बैठक' जास्त जवळची. चार-पाच वादक एकमेकांचा श्वास ऐकू येईल इतके जवळ बसतात, हात हलवणारा कुणी नसतो. फरक एवढाच की बैठकीत एक मुख्य कलाकार असतो आणि बाकीचे साथीला. चार तंतुवाद्यांच्या चमूत साथीदार कुणीच नसतो.

जुना इतिहास थोडक्यात सांगते. १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती, गोवा १९६१ पर्यंत. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवण्याची प्रथा होती. पोटापाण्यासाठी मुंबईला आलेले गोव्याचे वादक ती सोबत घेऊन आले आणि पुढे सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांनीच कागदावर स्वर मांडले. प्रोटेस्टंटांकडे वाट वेगळी झाली. फुलामुलांचे कवी म्हणून आपण शाळेत ज्यांना शिकलो, त्यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नंतर ओवी-अभंगाच्या वळणाची भक्तिगीतं लिहिली. इंग्रजी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांच्या शेजारी ती जाऊन बसली. कॅथलिक देवळांत मराठी उपासना आणि मराठी गाणी खऱ्या अर्थाने आली ती १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर.

मैफलीसाठीचं पाश्चात्त्य संगीत शहरात स्थिरावलं ते १९३० च्या दशकात. १९३४ साली युरोपातला एक तरुण ज्यू संगीतकार नाझींपासून दूर म्हणून मुंबईला आला आणि १९४६ पर्यंत राहिला. त्याने इथे चेंबर संगीताची संस्था काढली. दर गुरुवारी वादन होई, पियानोवर तो स्वतः आणि सोबत मुंबईचा एक पारशी व्हायोलिनवादक. त्याच व्हायोलिनवादकाने १९३५ मध्ये शहरातला सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. रेडिओची सकाळची ती धून, तानपुऱ्यावर व्हायोलिन, शिवरंजनीच्या सुरांची, या पाहुण्याच्याच नावे सांगितली जाते. तीन पिढ्यांचं मुंबईकर घर रोज पहाटे त्या धुनेने उघडलं. रागाच्या सुरांत एका युरोपियन माणसाने केलेली रचना आपण ऐकतो आहोत, हे त्यात कुणाला खुपलं नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

त्याच रेडिओने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. पेटीचे सूर ठोकून बसवलेले, मींड (सुरातून सुरात घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांच्या बारीक जागा) सापडत नाहीत, हे कारण. ते खोटं नव्हतं. पण त्याच कारणाचं ओझं पुढे कॉयरच्या डोक्यावरही आलं: पाश्चात्त्य म्हणजे पियानो, पियानो म्हणजे पेटीचे सूर, म्हणून कॉयरमध्ये राग मरणारच.

१९५६ साली मुंबईत एक कॉयर सुरू झालं. त्याने युरोपीय रचनांच्या जोडीला भारतीय लोकगीतं चार आवाजांत बसवली. दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, एका बंगाली सिनेसंगीतकाराने शहरातच तरुणांचं कॉयर काढलं. हे संगीतकार जननाट्याच्या, म्हणजे लोकांत जाऊन नाटकं-गाणी करणाऱ्या, १९४३ साली मुंबईतच सुरू झालेल्या चळवळीतून आलेले. म्हणजे एक धागा चर्च आणि मैफलीच्या बाजूचा, दुसरा मोर्चाच्या गाण्यांचा. दोघांपुढे प्रश्न एकच आला, आणि तो अजून मिटलेला नाही: रागाला हार्मनी, म्हणजे चालीसोबत एकाच वेळी लागणाऱ्या दुसऱ्या सुरांची जोड, द्यायची का, आणि द्यायची तर कुठली?

इथे जरा थांबायला हवं, कारण हा वाद बहुतेक वेळा प्रत्यक्ष सुरांपर्यंत पोचतच नाही. भूप घ्या. सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. सप्तकातले एकाआड एक तीन सूर एकत्र लावून होणारे कॉर्ड या पाच सुरांतून दोनच निघतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. युरोपीय हार्मनीचा सगळा डोलारा ज्यांवर उभा आहे त्यातला पंचमावरचा कॉर्ड निषादाशिवाय होत नाही, मध्यमावरचा तर मध्यमाशिवाय होणारच नाही. हिम्नच्या, म्हणजे चर्चमधल्या स्तोत्रगीतांच्या, पुस्तकाच्या पद्धतीने भूप बसवायचा तर आल्टो आणि टेनरच्या तोंडी मध्यम-निषाद घालावे लागतात. सोप्रानो भूप गात राहते आणि तिच्या पायाखालून भूप निघून जातो. आमच्या तालमीत एकदा असा कागद आला होता. पहिल्या दोन ओळी वाचून झाल्यावर शेजारी उभी असलेली बाई, लहानपणी गाणं शिकलेली, हळूच म्हणाली, "अगं, हा भूप नाही, हे बिलावल आहे." तिचं बरोबर होतं; सातही शुद्ध सूर लागले की ते बिलावलच.

भैरवचं उलट. तिथे सा-ग-प आहे, आणि अर्ध्या स्वरावर कोमल रे-म-कोमल ध असा दुसरा, तितकाच उजळ कॉर्ड आहे. दोन्ही रागाच्या सुरांतलेच. पण परतीची वाट दाखवणारा पंचमावरचा कॉर्ड शुद्ध रिषभ मागतो, आणि तो भैरवात नाही. तेव्हा भैरवाचं गाणं युरोपीय पद्धतीने 'संपत' नाही.

विरोधकांचा दुसरा मुद्दा मला अधिक वजनदार वाटतो. भूप आणि देसकार यांचे सूर तेच पाच. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य सूर, गंधार, देसकाराचा धैवत. एकटा गायक कुठे थांबतो, कशावर न्यास करतो, यावर राग ठरतो. चार आवाजांत ते कोण ठरवणार? बासने धैवत धरला की कान त्यालाच पाया समजतो. वर सोप्रानो कितीही निष्ठेने गंधारावर थांबली तरी खालून देसकाराची सावली पडते, किंवा ध-सा-ग मुळे युरोपीय मायनर कॉर्डचा उदासपणा येतो आणि तो तर दोन्ही रागांचा नाही. राग ही सुरांची यादी नाही हे आपल्याकडे पहिल्या वर्षीच शिकवतात. कॉयरसाठी लिहिणाऱ्याला ते चौपट आठवावं लागतं.

यावर वाटा आहेत, आणि त्या सापडल्याही. एक म्हणजे बास आणि टेनरने सा-प धरून ठेवायचा. तानपुराच गळ्यातून. झीलकरी वेगळं काय करतात? दुसरी वाट मला सर्वांत सुंदर वाटते: एकीने चाल सुरू करायची, दोन मात्रांनी दुसरीने तीच चाल उचलायची, मग तिसऱ्याने. भूपात अर्ध्या स्वराचं अंतर कुठेच नसल्यामुळे पाचही सूर एकमेकांवर आले तरी टोचत नाहीत. हार्मनी बाहेरून आणावी लागत नाही, चालीच्या स्वतःच्या सावलीतून ती तयार होते. वादी कोण हेही चालच ठरवते, कारण प्रत्येक आवाज तिथेच थांबत जातो.

आता श्रुतींचं. सप्तकाचे १२०० भाग केले तर एक भाग म्हणजे एक सेंट. पियानोचा गंधार षड्जापासून ४०० सेंटवर, तानपुऱ्यातून ऐकू येणारा ३८६ वर. हे १४ सेंट म्हणजेच पेटीवरचा सगळा रोष. पण कॉयर पियानोशिवाय गातं तेव्हा ते पियानोच्या सुरांत राहत नाही. चांगलं कॉयर कॉर्ड शुद्ध करत आपोआप ३८६ कडे सरकतं, कारण तिथेच आवाज एकमेकांत विरघळतात. तेव्हा रागाच्या बाजूने पाहिलं तर युरोपातून आलेल्या सगळ्या साधनांत व्हायोलिन सोडल्यास कॉयरच तानपुऱ्याच्या सर्वांत जवळ उभं आहे. पेटीवरचा आरोप त्याच्यावर लावणं हा अन्याय होता, आणि तो अजून चालू आहे.

अडचण येतेच, ती वेगळ्या जागी. आम्ही तालमीत मोबाइलवरचा तानपुरा लावून भूपाची एक ओळ गात होतो. आल्टोत आमचा रिषभ लांबलेला, वर सोप्रानोचा धैवत. दोन्ही तानपुऱ्याशी स्वच्छ, आणि एकमेकांशी मात्र थरथरत होते. दहा वेळा गायलो. कुणी बेसूर नव्हतं. षड्जाशी शुद्ध असलेला रिषभ आणि गंधाराशी जुळणारा, किंचित उतरलेला मऊ धैवत यांच्यातलं अंतर षड्ज-पंचमाच्या शुद्ध अंतराला सुमारे २२ सेंट कमी पडतं, हा गणिताचाच भाग आहे. शेवटी धैवत थोडा चढवला. थरथर गेली, आणि भूपाचा तो निवांत धैवतही गेला. संगीतकार लिहितो तेव्हा असा निर्णय दर ओळीला घेत असतो.

मुंबईत १९२७ साली जन्मलेल्या ज्या संगीतकारामुळे हा प्रश्न लोकगीतांच्या बांधणीतून बाहेर पडून स्वतंत्र रचनेपर्यंत गेला, त्यांनी लंडनला आणि मग पॅरिसला त्या काळातल्या सर्वांत नावाजलेल्या शिक्षिकेकडे धडे घेतले. १९६० ते १९६५ दिल्लीच्या विद्यापीठात शिकवलं. पियानोसाठी फ्यूग, तंतुवाद्यांसाठी रचना, गीतमाला, आणि १९७० च्या दशकात मुंबईच्याच कॉयरसाठी संस्कृत शब्दांतलं लेखन, हे त्यांचं मूळ काम. पोट भरलं ते हजारो जिंगल्सनी, नाव झालं ते १९७४ पासूनच्या समांतर सिनेमाने. त्यांची कॉयरसाठीची रचना मात्र सगळ्या देशाने ऐकली आहे. १९८८ मध्ये दर रविवारी दूरदर्शनवर 'भारत एक खोज' सुरू होताना नासदीय सूक्त घुमायचं, ते त्यांचं. आमच्या चाळीत ते ऐकून कुणी 'हे पाश्चात्त्य आहे' असं म्हटलं नाही. मे २०२१ मध्ये ते गेले. महाभारतातल्या यवक्रीताच्या कथेवरच्या नाटकाची ऑपेरा त्यांनी उतारवयात हातात घेतली होती.

नंतरच्या वर्षांत जागा वाढल्या. नरिमन पॉइंटचं माइकशिवाय ऐकू येणारं थिएटर १९८० चं, तिथला व्यावसायिक ऑर्केस्ट्रा २००६ चा. १९११ साली उद्घाटन झालेलं, १९९३ पासून बंद असलेलं गिरगावचं ऑपेरा हाउस २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. २०२० मध्ये एकत्र गाणं हेच धोक्याचं ठरलं आणि कॉयर सर्वांत शेवटी पुन्हा उभी राहिली. मराठी शब्दांवरचं नवं लेखन मात्र जागांच्या मानाने कमी आहे, आणि त्यामागे एक कारण कागदावरच दिसतं.

आमच्या प्रतींवर शब्द रोमन लिपीत असतात. 'मन' आणि 'माना' तिथे सारखेच दिसतात. त्यात कॉयरची शिकवण तोंड उघडून 'आ' करण्याची, कारण लॅटिनमध्ये 'अ' नाहीच. लांब स्वरावर 'मन' आलं की चाळीस जण 'माना' गातात आणि अभंगाचा अर्थ तिथेच संपतो. 'ळ' चा 'ल' होतो तो वेगळाच. उपाय सोपा आहे, पण वेळखाऊ. मोठ्या अभंगाची ६-६-६-४ अशी अक्षरं आधी सगळ्यांनी बोलून घ्यायची, शेवटचा 'अ' किती उच्चारायचा ते ठरवायचं, आणि मग सूर लावायचे. गेल्या वेळी वांद्र्याच्या तालमीत टेनरमधल्या एका मुलाने, ज्याचं घरचं बोलणं कोकणीत चालतं, माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि आपल्या प्रतीवर स्वरांच्या रेघांखाली एकेक अक्षर देवनागरीत लिहून काढलं. पुढच्या तालमीला तो 'मन' म्हणाला, आणि त्याच्या शेजारच्यांनीही.