यामाहा मोटर कंपनी

जपानमधील मोटारसायकल उत्पादक कंपनी. स्थापना १ जुलै १९५५, मुख्यालय इवाता (शिझुओका प्रांत). हमामात्सुच्या निप्पॉन गाक्की या पियानो-ऑर्गन बनवणाऱ्या कंपनीतून ती जन्मली. बोधचिन्हातले तीन नादकाटे (वाद्ये सुरात लावायचे ट्यूनिंग फोर्क) ही त्या घराण्याची खूण. दुसऱ्या महायुद्धात विमानांचे पंखे घडवलेली यंत्रे नंतर पडून होती. निप्पॉन गाक्कीचे अध्यक्ष गेनिची कावाकामी यांनी ती मोटारसायकलींच्या कामाला लावली.

पहिली गाडी वायए-१ ही १२५ सीसी वर्गातली, एका सिलिंडरची, चार गिअरची टू-स्ट्रोक (पिस्टनच्या दोन धावांत एक चक्र पुरे करणाऱ्या इंजिनाची) होती. आराखडा जर्मन डीकेडब्ल्यू आरटी १२५ वरून घेतलेला. लालसर रंग आणि सडपातळ बांध्यामुळे लोक तिला ‘आकातोम्बो’, म्हणजे लाल चतुर, म्हणू लागले. कंपनी स्थापन झाली त्याच महिन्यात तिने फुजी पर्वतावरची चढाईची शर्यत आपल्या गटात जिंकली.

यामाहाचे सर्वांत मोलाचे काम मात्र १९६४ चे ऑटोल्यूब, म्हणजे इंजिनाला ऑइल आपोआप पुरवणारी व्यवस्था. तोवर टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे. पेट्रोल आणि ऑइलचे २०:१ प्रमाण धरले तर लिटरला ५० मिली. लांब उतारावर थ्रॉटल (हँडलच्या मुठीने उघडणारी, इंजिनात जाणारे मिश्रण कमी-जास्त करणारी झडप) बंद असताना इंजिन जोरात फिरते, पण पेट्रोल कमी जाते. त्याबरोबर ऑइलही आटते आणि पिस्टन सीज होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. ऑटोल्यूबमध्ये ऑइलची टाकी वेगळी. इंजिनावर चालणारा पंप थ्रॉटलच्या केबललाही जोडलेला असतो, त्यामुळे इंजिनाचे फेरे आणि थ्रॉटल या दोन्हींच्या हिशोबाने ऑइल मिळते. केबल सैल पडली की ऑइल कमी जाते, म्हणून पंपाच्या पुलीवरची (केबल ओढते त्या चाकावरची) खूण जुळवून घ्यावी. टाकी एकदा कोरडी पडली तर नुसते ऑइल भरून भागत नाही. पंपाचा ब्लीड स्क्रू सोडून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी लागते.

१९७२ पासून ‘टॉर्क इंडक्शन’ नावाने रीड व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने उघडणारी झडप, आला. त्याच्या पातळ पाकळ्या आत ओढलेले मिश्रण परत फिरू देत नाहीत, म्हणून कमी फेऱ्यांतही गाडी ओढते. पाकळीचा टवका उडाला की कार्ब्युरेटरमधून (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातून) पेट्रोल उलटे फेकले जाते आणि किक लागत नाही.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला होंडाला मागे टाकण्याच्या नादात न खपलेल्या गाड्यांचे ढीग साचले. १९८३ मध्ये यामाहाने या स्पर्धेतून जाहीर माघार घेतली.

भारतात एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ मध्ये यामाहाच्या आरडी ३५० वर बेतलेली राजदूत ३५० आणली. १९८५ मध्ये आलेल्या ९८ सीसीच्या आरएक्स १०० मध्येही रीड व्हॉल्व्ह होता. तिचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले.